सुई, दावं आन् मुक्ताबाई

मुक्ताबाईचे पुढचे दोन दात कुठं गेले, असं कुणी इचारलं तर ती म्हणायची, "एक डोसात गेला आन् दुसरा त्याच्या संगतीनं गेला." लोकं हसायची. पर त्यात हसण्यावारी काय नव्हतं. कडुबानं तिच्या तोंडावर बुक्की हाणली होती, आन् कडुबाची बुक्की म्हंजी वरवंटाच तोंडावर घातल्यावानी.

शेंद्र्याच्या अंगाला, मोठ्या रस्त्यापासून आत, म्हाताऱ्या माणसांचा एक आश्रम हाय. एकतीस माणसं, दोन लांबलांब खोल्या, मधी पत्र्याखाली ओटा. मुक्ताबाई तिथली मावशी. न्हाऊ घालायचं, घास भरवायचा, हगलं-मुतलं काढायचं, सगळं तिच्या हातचं. मूळची वैजापुराकडची, जयभीमवाली बाई. साठीला टेकलेली, हाडं काटक, डाव्या कानानं बहिरी. त्या कानाचं पुढं येतंच.

कडुबाबी वैजापूरचाच. तिथल्या मार्केट यार्डात चाळीस वर्सं त्यानं हमाली केली. कांद्याची पोती, बाजरीचे कट्टे, कापूस, काय म्हणशील ते पाठीवर. म्हातारपणी पाठ वाकली, पर दंड काय वाकले नाय. लेकरू-बाळ नव्हतं. बायको एकच, आवडाबाई, तीच त्याचं लेकरू. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिला ताप भरला, शहरात दवाखान्यात घातली. कडुबानं काचंतून बघितलं, एका पांढऱ्या झग्यावालीनं आवडाच्या दंडात सुई टोचली. दुसऱ्या दिवशी आवडाला प्लास्टिकात गुंडाळून भाईर काढली. तोंड बघू देईनात. ह्यानं प्लास्टिक फाडायला हात घातला, तर चौघांनी मिळून त्याला उचलून फेकला. कपाळ फुटलं. तिकडं ती गाडीत गेली, हिकडं हा रगतानं भरलेला फरशीवर.

मंग पुतण्यानं आश्रमात आणून सोडला. डोस्कं कधी ठिकाणावर, कधी यार्डात. पर एक गोष्ट त्याच्या डोस्क्यात खिळ्यावानी ठोकलेली. आवडाला तापानं नाय मारलं, सुईनं मारलं.

आन् आश्रमात लशीची सुई येणार होती.

श्रावण होता. सरकारी दवाखान्यातली सोनिया सिस्टर निळा डबा घेऊन आली. नवी पोरगी, हसरी, एकेकाला "बाबा, आजी" करत टोचत निघाली. नानासाहेब म्हणून आश्रमाचे व्यवस्थापक होते, ते रजिस्टर घेऊन मागं मागं. कडुबाच्या खाटंपाशी सिस्टरनं सुई वर धरली आन् थेंब उडवला. बास. कडुबानं खालचं ताट उचललं आन् उभ्या धारंनं तिच्या कपाळावर हाणलं. भिवई फाटली. डोळ्यात रगत गेलं, पोरगी भुईला. कडुबानं दुसऱ्यांदा ताट उगारलं, तवर मुक्ताबाई मधी घुसली. ताट हुकलं, बुक्की बसली. दोन दात जिभंवर आले.

राजकुमार म्हणून वॉचमन होता, पस्तिशीतला, हात उगारायला लई घाईचा. तो काठी घेऊन आला आन् म्हाताऱ्याला पिंडरीवर, खांद्यावर, पाठीवर झोडपत सुटला. कडुबा पडला तरी काठी थांबंना.

"अरे मरंल तो," मुक्ताबाई रगत थुकत म्हणाली.

"मरू दे. सिस्टरचा डोळा जात होता."

नानासाहेब लांबूनच बोलले, "बांधा त्याला. डोस झाल्याबगर सिस्टर जाणार नाय."

शेजारच्या गोठ्यातून गुरांचं दावं आणलं. कडुबाचे दोन्ही हात खाटंच्या लोखंडाला आवळले. राजकुमार छातीवर बसला, दोघंजण पायावर. सोनिया सिस्टरनं एका हातानं भिवईवर बोळा दाबला आन् दुसऱ्या हातानं सुई दिली. कडुबा वरडला नाय. दावं लागल्यावर तो गप झाला. नुसता पायजमा वला झाला.

दावं मुक्ताबाईला नवं नव्हतं.

तिच्या नवऱ्यानंबी तिला दाव्यानंच बांधलं होतं. गोठ्यात, खुंट्याला, गायीच्या जागी. न इचारता भैणीच्या घरी गेली, एवढाच गुन्हा. कुऱ्हाडीच्या दांड्यानं हाणली, तवाच कान गेला. मंग तो बाजाराला गेला, हिला तशीच ठिवून. तिनं ते दावं दातानं कुरतडलं. सकाळपासून दिवस कलंस्तवर. हिरड्या सोलून निघाल्या. तो परत आला तवा ती मुसळ घेऊन दाराआड उभी होती. गुडघ्याची वाटी फोडली त्याची. मरंस्तवर लंगडा चालला तो. ती तशीच पायी वैजापूरला आली आन् यष्टीत बसली. ज्या दातांनी तिला सोडवलं होतं, तेच दोन दात कडुबानं पाडले. आन् तरीबी तिला राग आला तो कडुबाचा नाय, दाव्याचा.

"नानासाहेब, ह्या जागंत परत दावं आलं तर मी नाय," ती म्हणाली.

"मंग पुढचा डोस कसा द्यायचा? आरती ओवाळून?"

"ते माझं मी बघीन."

चार दिवस कडुबा जेवला नाय. मुक्ताबाई त्याच्या मनगटाच्या वळांना खोबरेल चोळायची. तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्या अंगठ्याचा चावा घेतला, हाडापतोर. तिनं अंगठ्याला चिंधी गुंडाळली आन् दुसऱ्या हातानं चोळत राह्यली. पाचव्या दिवशी त्यानं भाकरीचा तुकडा उचलला.

आता मुक्ताबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. रजिस्टर नानासाहेबांच्या कपाटात, सर्टिफिकिटं कुणाकुणाच्या पोरांच्या फोनात. म्हाताऱ्यांना इचारावं तर एक म्हणतो चार झाले, दुसरा म्हणतो डोस म्हंजी काय. मंग तिनं आपली पद्धत काढली. सगळ्यांच्या मनगटाला काळा दोरा बांधला, लांब, सरकत्या फाशाचा. एक डोस, एक गाठ. तिची माय यार्डात कांदा निवडायला जायची, ती पोती अशीच मोजायची, सुतळीला गाठी मारून.

कडुबानं गाठ लगेच वळखली. "म्हंजी मोजून झालं माझं?" त्यानं इचारलं.

"झालं. एक डाव."

"गाठ मारलेल्या पोत्याला परत हात लावत नसतेत."

"दिवाळीच्या आधी अजून एक गाठ हाय, कडुबादादा."

त्यानं उठून भिताडाकडं तोंड केलं.

कडुबाच्या समोरच्या खोलीत चतुराबाई राह्यची. चिमणीएवढी म्हातारी, तोंडानं मात्र आख्खी कावळ्यांची सभा. कडुबाला काठीनं झोडपताना तिनं बघितलं होतं. तवापासून ती आपल्या वाट्याचा गूळ त्याला द्यायची आन् वरून शिव्याबी द्यायची. "खा रे मुडद्या. मेलास तर गूळ कुणाला देऊ."

दिवाळीच्या तोंडावर सिस्टर परत आली. भिवईवर टाक्यांची रेघ तशीच. राजकुमार काठी घेऊन दारात. नानासाहेबांनी मुक्ताबाईच्या नकळत दावं आणून खाटंखाली टाकलेलं. मुक्ताबाईनं पाह्यलं, पर म्हणली, आधी तीस माणसं होऊ दे, कडुबा शेवटाला. ती मनगटं बघत पुढं, "ह्याचं राह्यलं, हिचं झालं," सिस्टर तिच्या शब्दावर टोचत मागं. टोचलं की गाठ.

शेवटाला ती कडुबापाशी आली. बघते तर कडुबा शांत बसलेला आन् दोऱ्याला दोन गाठी.

मुक्ताबाईला वाटलं, सिस्टरनं तिकडूनच येता येता दिली असंल. हाताखाली गर्दी, गाठ मीच मारली असंल, ध्यानात नसंल. खरं म्हणशील तर तिला तसं वाटून घ्यायचंच होतं. दावं खाटंखाली, काठी दारात. तिनं इचारलं नाय. एकतीस सुया संपल्या, नानासाहेबांनी एकतीस नावांपुढं खूण केली, सगळा हिशोब बरोबर.

त्याच सांजंला चतुराबाईला सणकून ताप भरला. तीन दिवस अंग ठणकत होतं. "म्हातारं हाड हाय, चालायचंच," सगळे म्हणाले.

संक्रांतीच्या सुमाराला तोच आजार आश्रमात शिरला. पाच-सात जणांना सर्दी-खोकला झाला, आठ दिवसांत उठून बसले. कडुबा मात्र पार झोपला. अंगाची भट्टी, छातीत घरघर. त्या तापात तो परत दवाखान्याच्या फरशीवर गेला. राजकुमार तोंडाला ऑक्सिजनचं प्लास्टिक लावायला वाकला आन् कडुबानं त्याला मानंला धरून भिताडावर आपटला. खांद्याचं हाड मोडलं, आवाज सगळ्यांनी ऐकला. कडुबानं चादर दातानं फाडली, खाट उलथी केली, "आवडाला सोडा, तोंड बघू द्या" म्हणत नाकातून रगत येईस्तवर डोकं भुईवर आपटलं. मुक्ताबाई त्याच्या डोक्याखाली आपला हात घालून बसली. तिच्या बोटांची सालटी निघाली.

डॉक्टर आले. "दोन्ही डोस झालेत ना?"

"व्हय. दोन गाठी हायत," मुक्ताबाई म्हणाली.

"मंग एवढं काऊन?"

तवा चतुराबाई दारातून पुढं आली. "नाय झाले," ती म्हणाली. "एकच झालाय. दुसरा मी घेतला."

सगळं सांगितलं मंग तिनं. दिवाळीत तिला आधी टोचलं, दुसरी गाठ पडली. ती कडुबापाशी गेली, आपला दोन गाठींचा दोरा त्याच्या हातात सरकवला, त्याचा एका गाठीचा आपल्या हातात घातला आन् परत जाऊन लायनीत बसली. "माझं राह्यलं गं मुक्ता," म्हणाली. परत टोचून घेतलं, परत गाठ मारून घेतली. "त्याला परत झोडपलं असतं. मी म्हणलं माझ्यात दोन गेल्या काय आन् तीन गेल्या काय. दोरा हाय ना हाताला, तोबी राखंलच की त्याला."

मुक्ताबाई उठली आन् तिनं चतुराबाईच्या थोबाडीत हाणली. अशी हाणली, का म्हातारी खाटंच्या पायावर जाऊन आदळली. कवळी उडून भाईर पडली, व्हठ फुटला. पंचाऐंशी वर्सांची बाई, भुईवर गोळा.

मुक्ताबाईनं आपल्या हाताकडं बघितलं. तिला तो नवऱ्याचा हात दिसला. तसाच वर उगारलेला, तशाच बोटांचा. ती खाली बसली, कवळी उचलली, पदरानं पुसली, चतुराबाईच्या हातात ठिवली. चतुराबाईनं ती तोंडात बसवली आन् एवढंच म्हणाली, "हात जड हाय गं तुझा."

कडुबा वाचला. दीड महिना लागला, पर वाचला. राजकुमारचं हाड सांधलं, हाताची सवय तशीच राह्यली.

परत श्रावण आला. तिसऱ्या डोसाची खबर आली. त्याच दिवशी नानासाहेबांनी मुक्ताबाईला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पर भ्यालेला होता.

"रजिस्टरात खोटं गेलंय, ते मी दुरुस्त करतो. पर कडुबाचा दुसरा डोस झालाच पायजे. एकदा सिस्टर, एकदा राजकुमार, वर्सात दोनदा मरता मरता वाचलो आपण. नाय झाला तर पुतण्याला सांगतो घिऊन जा."

"पुतण्या नेणार नाय. रस्त्यावर सोडंल त्याला."

"मंग बांधू. दावं हाय कपाटात."

"मला आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत काय करणार तू? तुझे अजून दोन दात पाडील तो."

"दात हायत अजून," मुक्ताबाई म्हणाली.

ती रोज दुपारच्याला कडुबापाशी ओट्यावर बसायची. सुईचं नाव काढायची नाय. यार्डाचं इचारायची. कोण आडत्या कसा होता, कुणाच्या पोत्यात खडे असायचे. कडुबा यार्डात असला का त्याचं डोस्कं एकदम लख्ख चालायचं. एक दिवस तिनं इचारलं, "कडुबादादा, ते व्यापारी लोखंडाची टोकदार नळी पोत्यात खुपसायचे आन् नमुना बघायला बानगी काढायचे, तवा तुमचं काय काम?"

"पोतं धरायचं. हालू द्यायचं नाय. हाललं का फाटतं."

"आन् टोचल्यावर सांडत नाय?"

"भोक एवढंसं. अंगठ्यानं दाबलं का बुजतं. चाळीस वर्सांत माझ्या हातातलं एक पोतं सांडलं नाय."

मुक्ताबाईनं त्याच्या हाताकडं लई येळ बघितलं.

डोसाच्या दिवशी राजकुमार काठीसकट, नानासाहेब दाव्यासकट. सोनिया सिस्टरनं निळा डबा उघडला. मुक्ताबाई खुर्ची ओढून कडुबाच्या पुढ्यात बसली. तिचा तिसरा डोस राह्यलेला होता. तिनं बाही वर केली आन् हात पुढं केला.

"कडुबादादा, बानगी काढायला आलेत. पोतं धरा."

कडुबानं सिस्टरकडं बघितलं, मंग सुईकडं. तोंड तांबडं लाल झालं. राजकुमार पुढं सरकला.

"तू बस खाली," मुक्ताबाई मागं न बघता म्हणाली.

कडुबानं तिचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. जसजशी सुई जवळ आली, तसतशी मूठ आवळत गेली. चाळीस वर्सं क्विंटलाची पोती उचलणारी मूठ ती. सुई कातड्यात गेली आन् त्याच दमाला मुक्ताबाईच्या मनगटात काडकन आवाज झाला. सिस्टरनं ऐकला. मुक्ताबाईच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब, पर ती हालली नाय. हाललं का फाटतं. वरडली असती तर राजकुमारची काठी पडली असती, मंग दावं, मंग सगळं पहिल्यापासून.

सुई भाईर आली.

"बानगी निघाली," मुक्ताबाई म्हणाली. आवाज फाटला होता. "बघा. पोतं सांडलं का?"

कडुबानं मूठ सोडली. दंडावर रगताचा एक ठिपका होता. त्यानं आपला जाडजूड अंगठा त्यावर दाबला. लई येळ दाबून धरला. मंग काढून बघितलं.

"नाय," तो म्हणाला. "भरलेलं हाय."

"मंग आता तुमचं पोतं राह्यलं."

त्यानं आपल्या दंडाकडं बघितलं. मंग म्हणाला, "धरणार कोण?"

"मी धरते," चतुराबाई पुढं झाली.

"तू? तुलाच कुणीतरी धरावं लागंल."

"मंग दोघं मिळून सांडू. बस मुडद्या गप."

तिनं आपल्या काडीसारख्या बोटांनी त्याचं मनगट धरलं. आख्ख्या मनगटाभवती बोटंबी पुरंनात. कडुबानं डोळे मिटले. दुसऱ्या हातानं खाटंची लोखंडी पट्टी पकडली, ती हळूहळू वाकत गेली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दात खाल्ल्याचा आवाज येत होता. पर सुईचा हात त्यानं हालू दिला नाय. "आवडे," एवढं एकदा म्हणाला.

"झालं बाबा," सिस्टर म्हणाली. आन् आपल्या भिवईला हात लावून तिथंच खाली बसली.

आता गाठ मारायची. मुक्ताबाईनं कडुबाचा एका गाठीचा नवा दोरा हातात घेतला, पर डावा हात सुजून वांग्यावानी झालेला. एका हातानं गाठ बसंना. दातात दोरा धरायला गेली, तर पुढचे दातच नायत. दोरा निसटायचा. दोनदा निसटला.

चतुराबाईनं तिच्या हातातून तो हिसकला आन् कडुबाच्या मनगटाला गाठ मारली. नीट, घट्ट.

"ही खरी हाय ना?" मुक्ताबाईनं इचारलं.

"तुझ्यापुढं मारली की."

मुक्ताबाईनं आपला गाल पुढं केला. "चतुराबाई, त्या दिवसाची थोबाडीत राह्यलीय. हाण."

"आधी हाताला पलस्तर घाल," चतुराबाई म्हणाली. "मोडक्या माणसाला मी हाणत नसते."

रिक्षा बोलावली. हाताला झोळी करायला काय गावंना, तर कडुबानं आपल्या खांद्यावरचं फडकं काढून दिलं. हमालाचं ते, पोत्याखाली घ्यायचं, कुणाला हात लावू देत नव्हता त्याला. सिस्टरनं त्यात मुक्ताबाईचा हात अडकवला.

कडुबानं नानासाहेबांच्या हातातलं दावं घेतलं. राजकुमारनं काठी सावरली. कडुबानं त्याच्याकडं बघितलंबी नाय. दावं नीट गुंडाळलं, शेजारच्या भिताडावरून गोठ्यात टाकून दिलं आन् रिक्षात मुक्ताबाईच्या शेजारी जाऊन बसला.

"तुम्ही कुठं, कडुबादादा?" तिनं इचारलं.

"दवाखान्यात."

"तिथं सुया असत्यात. मला देतील एखांदी."

"देऊ दे," तो म्हणाला. "मी धरीन. आता हळू धरीन."